तिखट कानाचा माणूस: पंचवटीतल्या एका घराचं प्रकरण

माझ्याकडे समुपदेशनाची वेळ बायकोनं घेतली होती आणि कारण सांगितलं होतं राग. "ह्यांचा राग हाताबाहेर गेलाय, मॅडम. पोरगी बापाशी बोलत नाही." गणपतीला तीनेक आठवडे होते. घर नाशिकच्या पंचवटीत, नोकरी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, वय ४२. ह्या गृहस्थांना इथं श्रीकांत म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत आणि लिहायला घरातल्या सगळ्यांची संमती आहे.

घडलं ते असं. मुलगी चौदा वर्षांची, यंदा पहिल्यांदाच ढोल पथकात गेलेली, ताशावर. नाशिकच्या पोरांना ढोलाचं वेड नवीन नाही. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना मैदानांवर आणि गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, संध्याकाळचे सराव सुरू होतात आणि घरी परतल्यावरही हात थांबत नाहीत. ही पोरगी जेवणाच्या टेबलावर काड्यांनी तर्री, म्हणजे ताशाचा सलग कडकडाट, घोटत बसायची. त्या दिवशी श्रीकांत कामावरून आले, बूट काढले, पाणी प्यायले आणि तिच्या हातातल्या काड्या हिसकावून गॅलरीतून खाली भिरकावल्या. "घर आहे की मंडप?" एवढं ओरडले आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. आत नळ सोडलेला. पाणी वाया जातंय म्हणून बायकोनं दार वाजवलं, तेव्हा नळाच्या आवाजाआडून रडणं ऐकू आलं.

मला खटकलं ते हे शेवटचं. रागीट माणूस ओरडून झालं की थोडा वेळ तरी हलका होतो. हे गृहस्थ पुढचे दोन दिवस धड जेवले नव्हते.

पहिल्या भेटीत ते एकटेच बोलले, तेही माझ्या टेबलावरचं घड्याळ उचलून बाहेरच्या खोलीत ठेवल्यावर. "टिकटिक करतंय," म्हणाले, वर "सॉरी" म्हणाले. काम फायनल इन्स्पेक्शनचं. गाडीचे सुटे भाग बनतात, ते बाहेर पडण्याआधी ह्यांच्या टेबलावरून जातात. शॉपमध्ये सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनच्या स्पिंडलचं बेअरिंग जायला लागलं की ऑपरेटरच्या आधी ह्यांना कळतं. बोट फिरवून ते बर, म्हणजे कडेला उरलेला धातूचा बारीक काटा, सांगतात. पोरं कौतुकानं "साहेबांच्या कानाला विचारा" म्हणतात. त्याच माणसाला कॅन्टीनमध्ये स्टीलची ताटं आपटली की घास गिळवत नाही. मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा वास अंगाला चिकटून राहतो म्हणून घरी आल्यावर शर्ट आधी बादलीत जातो. आणि कंत्राटातल्या एका पोराला कामावरून कमी केलं, तर हे आठवडाभर रात्री दोनला जागे. त्या पोराशी ह्यांचा संबंध सकाळच्या नमस्कारापुरताच होता.

दुसऱ्या वेळी आईला बोलावलं. त्या भरभरून बोलल्या. लहानपणी लोकरीचा स्वेटर घातला की हा अंग ओरबाडायचा. कोणी मोठ्यानं भांडलं की ताप यायचा. वडील कडक. त्यांना हे पसंत नव्हतं. सातव्या वर्षी रंगपंचमीला त्यांनी त्याला उचलून रहाडीत धप्पा, म्हणजे उडी, मारायला लावला. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते: रहाड म्हणजे पेशवेकाळापासूनचा दगडी हौद. वर्षभर तो बुजवलेला असतो आणि रंगपंचमीला उघडून रंगानं भरतात. भोवती तुडुंब गर्दी, नाकातोंडात रंगाचं पाणी. पोरगं चार दिवस आजारी. "आम्हाला वाटायचं, अशानं भीड चेपेल," आई म्हणाल्या. हा किस्सा त्या घरात अजूनही पाहुण्यांना हसत हसत सांगितला जातो, आणि श्रीकांतही हसतात.

आधी काय तपासलं

एवढं ऐकून "हा माणूस अतिसंवेदनशील आहे" असं म्हणणं सोपं होतं आणि आजकाल तसं म्हणायची घाईही फार झाली आहे. पण आवाज, उजेड, वास सहन न होण्याची कारणं शरीरात बरीच असतात. गोंगाटात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचं ऐकणं बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास आधी खचतं आणि चमत्कारिक गोष्ट अशी की ज्याला बारीक आवाज ऐकू येईनासे होतात त्यालाच मोठे आवाज जास्त बोचतात. म्हणून कान-नाक-घसावाल्यांकडे पाठवून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घेतली. ती ठीक आली. थायरॉइड ठीक. फॅमिली डॉक्टरांनी डोकेदुखीचा इतिहास नीट काढला, तेव्हा मात्र एक गोष्ट निघाली: महिन्यातून काही वेळा एका बाजूचं डोकं ठणकणं, मळमळ, उजेड नकोसा होणं. अर्धशिशी. ती गेली कित्येक वर्षं "पित्त" या नावाखाली खपत होती. तिच्यावर औषध सुरू झालं आणि पुढे जो फरक पडला त्यातला एक वाटा नि:संशय त्या गोळ्यांचा आहे. समुपदेशकांनी हे श्रेय डॉक्टरांना दिलं पाहिजे, सहसा देत नाहीत.

स्वमग्नतेच्या बाजूनंही विचार केला, कारण २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेमध्ये संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे स्वमग्नतेच्या निकषांत धरलेलं आहे. पण लहानपणापासूनचं बोलणं, मैत्री, समोरच्याचा इशारा ओळखणं, यांत तसं काही सापडलं नाही. नैराश्य आणि चिंता थोडी होती, पण ती मूळ दुखणं वाटावी एवढी नव्हती.

राहिला तो स्वभावाचा गुणधर्म, म्हणजे अतिसंवेदनशीलता. इलेन आणि आर्थर अ‍ॅरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं १९९७ साली त्यावर शोधनिबंध लिहिला आणि २७ प्रश्नांची मोजपट्टी दिली. आलेल्या गोष्टीचा खोलवर विचार होणं, पटकन भरून येणं, दुसऱ्याच्या भावनेनं हलणं, बारीकसारीक फरक टिपणं, असा त्याचा साधारण तोंडवळा. हा आजार नाही. डीएसएममध्ये किंवा आयसीडी या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीमध्ये असं निदान नाही. जुळ्या मुलांवरच्या २०२० सालच्या एका अभ्यासात माणसामाणसांतल्या या फरकाचा जवळपास निम्मा भाग आनुवंशिक दिसला. आणि माणसं "अतिसंवेदनशील" आणि "बाकीचे" अशी दोन गटांत विभागलेली नाहीत. २०१८ च्या एका अभ्यासात साधारण तीस टक्के जास्त, चाळीस टक्के मध्यम आणि तीस टक्के कमी, असे तीन पट्टे निघाले. म्हणजे पंचवटीच्या कुठल्याही इमारतीत मजल्याला एक-दोन तरी.

या मोजपट्टीवर टीकाही आहे आणि ती मला पटते. तिच्यातले पटकन भरून येण्याचे आणि आवाज-उजेड नकोसे होण्याचे प्रश्न चिंताळू स्वभावाशी बरेच जुळतात, तर कला, संगीत, बारकावे यांचे प्रश्न वेगळ्याच बाजूला जातात. त्यामुळे नुसत्या गुणांकावरून मी काही ठरवत नाही. मायकेल प्लुएस आणि जे बेल्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीतला एक मुद्दा मात्र कामाचा आहे: ज्यांना वाईट परिस्थिती जास्त लागते, त्यांना चांगली परिस्थितीही जास्त लागू पडते. असं असेल तर माणूस निबर करत बसण्यापेक्षा त्याच्या दिवसाला हात घालणं शहाणपणाचं. श्रीकांतना निबर करायचे प्रयोग रहाडीपासून झालेलेच होते.

वही

पहिलं काम दिलं ते खिशातल्या वहीचं. दिवसातून काही वेळा, आत्ता आपण किती भरलोय याला शून्य ते दहा आकडा द्यायचा आणि शेजारी काय चाललंय ते दोन शब्दांत. इन्स्पेक्शनचा माणूस, वही देखणी ठेवली. सकाळी दोन. कॅन्टीननंतर चार. दुपारी ग्राहकाच्या तक्रारीचा फोन, पाच. संध्याकाळी सुट्टी झाली की मुंबई नाका, द्वारका, तिथला हॉर्नचा कल्लोळ: सात. घरी आल्यावर टीव्हीवर मालिका, गॅसवर कुकर, आईचा फोन स्पीकरवर आणि पलीकडून मावशी: साडेआठ. मग ताशा.

बायकोनं वही वाचली आणि म्हणाली, "म्हणजे ताशाचा काही दोषच नाही." बरोबर होतं. सुट्टीच्या दिवशी हेच गृहस्थ मुलीला सोडायला गेले आणि सरावाच्या मैदानाच्या कडेला तासभर उभे राहिले, समोर वीस ढोल. वहीत आकडा तीन, आणि पुढे लिहिलेलं: "बरं वाटलं."

हे कोडं सोडवायला एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या आसपास लोकांना मोठे आवाज ऐकवले. काहींना ठरावीक अंतरानं, काहींना केव्हाही. आवाज थांबल्यावर न सुटणारी कोडी दिली. केव्हाही येणारा आवाज ज्यांनी सोसला होता, ती माणसं लवकर हात टेकत होती. म्हणजे गोंगाटाची किंमत गोंगाट संपल्यावर भरावी लागत होती. आणखी एका गटाला एक बटण दिलं होतं: आवाज असह्य झाला तर दाबा, शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलं नाही, तरीही ते बरेच कमी थकले. नुसतं बटण हाताशी असण्यानं फरक पडला. मैदानावरचा ढोल ठेक्यात होता, पुढचा ठोका कधी पडणार ते कळत होतं आणि श्रीकांत हवं तेव्हा निघून जाऊ शकत होते. घरात यातलं काहीच नव्हतं.

मग घरात बटणं बसवायला घेतली. मुलगी ताशा वाजवण्याआधी विचारणार, "पप्पा, वाजवू?" आणि पप्पांनी हात वर केला तर दहा मिनिटांनी पुन्हा विचारणार. "नाही" म्हणायची सोय नाही, "थांब" एवढंच. ही अट मुलीनं स्वतः घातली, मला फार आवडली. घरी यायचा रस्ता बदलला: गंगापूर रोडनं, लांबचा, पण गोदापार्कला गाडी लावून थोडं नदीकडे बघत बसायचं आणि रामवाडीच्या पुलावरून घरी. कॅन्टीनमध्ये गर्दी ओसरल्यावर जेवायचं. पेट्रोल जास्त जातं अशी कुरकुर झाली, पण वहीतला साडेआठ पाच-सहावर आला.

इअरप्लगचे दिवस

इथे गोष्ट संपली असती तर लिहिण्यासारखं फार नव्हतं. याच सुमारास श्रीकांतनी मोबाईलवर या विषयाचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. एकामागून एक. त्यांना आयुष्यभराचं उत्तर सापडलं होतं, आणि चाळीस वर्षं "नाजूक", "बायकी" ऐकलेल्या माणसाला त्याचा केवढा आधार वाटला असेल ते मी समजू शकते. पण घरात आता फर्मानं निघू लागली. टीव्ही बंद. कुकर ते यायच्या आत. फोडणी देताना दार लावून घ्यायचं. "मी असाच आहे, हे मेंदूतच असतं." आणि कानात फोमचे इअरप्लग, उठल्यापासून झोपेपर्यंत.

काही दिवसांत पंख्याची टिकटिक सोसेना. मग शेजाऱ्यांच्या मिक्सरचा आवाज भिंतीतून येऊ लागला, जो आधी कधी आलाच नव्हता. हे अपेक्षितच आहे. क्रेग फॉर्मबी हे श्रवणशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली चांगलं ऐकू येणाऱ्या लोकांना दोन आठवडे इअरप्लग घालायला दिले; शेवटी त्यांना आवाज आधीपेक्षा मोठे वाटू लागले. ज्यांना त्याऐवजी कानात सतत मंद खरखर ऐकवली, त्यांची सहनशक्ती वाढली. कानावर कमी आलं की मेंदू आतला आवाज वाढवून घेतो. इअरप्लग ग्राइंडिंग सेक्शनमध्ये, मिरवणुकीत, जिथे खरोखर कानाला धोका आहे तिथे घालायचे. स्वयंपाकघरात नाही. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते नाराज झाले, पुढच्या भेटीला आले नाहीत.

आल्या त्या त्यांच्या पत्नी. त्या शाळेत शिकवतात, पन्नास पोरांच्या गलक्यातून घरी येतात. "घर म्हणजे काय हॉस्पिटल आहे का? मी भांडं जरा जोरात ठेवलं की ह्यांचं सुरू: काय झालं? चिडलीस का माझ्यावर? काही झालेलं नसतं हो, मॅडम. हात साबणाचा असतो. पण चारदा विचारल्यावर खरंच चिडते, मग म्हणतात, बघ, मला आधीच कळलं होतं."

या तक्रारीत मला सगळं प्रकरण दिसलं. संवेदनशील माणसाचं टिपणं बहुतेक वेळा बरोबर असतं. भांडं खरंच जोरात ठेवलेलं असतं, आवाजात खरंच शीण असतो. पण टिपलेल्या गोष्टीचा लावलेला अर्थही तितकाच बरोबर आहे असं त्याला वाटतं, आणि लहानपणी घरात आवाज चढला की त्याचा अर्थ नेहमी एकच असायचा: माझं काहीतरी चुकलं.

श्रीकांत परत आले तेव्हा त्यांना विचारलं, "मशीनचा आवाज बदलल्याचं तुमच्या कानाला कळतं. मग तुम्ही तो भाग लगेच रिजेक्ट करता का?"

"छे. आधी गेज लावतो. आवाजावरून रिजेक्ट केलं तर प्रॉडक्शनवाले मारतील मला."

"आणि घरी?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घरी गेज लावत नाही."

पुढच्या सगळ्या भेटी या एका वाक्यावर चालल्या. गेज म्हणजे एकदाच आणि सरळ विचारायचं, "दमलीस का?" आणि जे उत्तर येईल ते मोजमाप धरून वहीत लिहायचं, वर फेरतपासणी करायची नाही. "हो, दमले, चहा करा," असं उत्तर आलं तर चहा करायचा. सुरुवातीला त्यांना हे फार जड गेलं. उत्तर "काही नाही" आलं की कानाला पटायचं नाही. पण महिनाभरानं वहीत ज्या नोंदी जमल्या त्यांत "माझ्यामुळे" असं एखादंच उत्तर निघालं. बाकी सगळं शाळा, गुडघे, भाजीचे भाव आणि सासूबाई. स्वतःच्या हातची नोंद असल्यामुळे त्यांना ती नाकारता येईना.

कंत्राटातल्या त्या पोराचं प्रकरण वेगळ्या प्रकारे सुटलं. दुसऱ्याचं दुःख स्वतःच्या अंगावर घेणं आणि त्याच्यासाठी काहीतरी चांगलं करावंसं वाटणं, या दोन गोष्टी मेंदूतही वेगवेगळ्या जागी चालतात, असं मेंदूशास्त्रज्ञ तानिया सिंगर यांच्या गटाच्या कामातून दिसलं आहे. पहिलीनं माणूस खचतो, दुसरीनं तग धरतो. मी श्रीकांतना एवढंच विचारलं, की रात्री दोन वाजता जागं राहून त्याचं काय भलं होतंय. त्यांनी सातपूरच्या एका ओळखीच्या कारखान्यात फोन केला आणि त्याचं नाव सुचवलं. काम लागलं की नाही, ते अजून त्यांनाही ठाऊक नाही. पण फोन केल्यापासून झोप लागली.

मिरवणूक

हे सगळं चालू असतानाच आलेल्या अनंत चतुर्दशीला मुलीचं पथक मुख्य मिरवणुकीत होतं. वाकडी बारवपासून निघायचं, जुन्या नाशिकच्या गल्ल्यांमधून मेन रोड, मग मेहेर चौक, अशोक स्तंभ असं पुढे. जायचं की नाही, यावर घरात दोन पक्ष पडले. नियम कागदावर छान आहेत: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून हे आकडे वाचणं म्हणजे चेष्टाच. तिथं संवेदनशीलतेचा प्रश्नही उरत नाही, शंभरच्या पुढचा आवाज तासन्‌तास झेलला तर जाड कातडीच्या माणसाचाही कान जातो. म्हणून मेन रोडची चिंचोळी गल्ली टाळायची आणि मेहेरच्या मोकळ्या जागी थांबायचं ठरलं, मागे निघायला वाट राहील असं. दुपारी झोप काढायची. डीजे आला की प्लग, गेला की काढायचे.

पथक उशिरा आलं, नेहमीप्रमाणे. ते समोरून गेलं तोवर श्रीकांत उभे होते. पुढच्या डीजेचा दणका छातीत बसला तसे ते निघाले. रात्री अर्धशिशी उठली, दुसऱ्या दिवशी रजा पडली. मुलीनं गर्दीत त्यांना पाहिलंच नव्हतं, त्यामुळे आधी तिचा विश्वास बसेना. मग ते म्हणाले, "दुसऱ्यांदा ठेका बदलला तेव्हा डावीकडचा एक ताशा मागे पडला." ती म्हणाली, "मीच होते ती. पट्टा सरकला होता."

आता ते नियमित येत नाहीत, अडलं तर फोन करतात. व्हिडिओ कमी झाले आहेत, टीव्ही पुन्हा चालू आहे, आवाज किती ठेवायचा यावर भांडण होतं आणि मिटतंही. कारखान्यात त्यांना शॉपच्या सुपरवायझरची जागा देऊ केली आहे. पगार वाढेल, पण दिवसभर दोन शिफ्टची भांडणं सोडवावी लागतील. माझं मत विचारलं तेव्हा मी सांगितलं की घ्या किंवा सोडा, पण आधी पंधरा दिवस बदली म्हणून करून बघा आणि वही सोबत ठेवा. मालक कबूल झाले आहेत. आईंचा फोन मात्र अजून स्पीकरवरच असतो. त्यांना एका कानानं ऐकू कमी येतं, हे या सगळ्या तपासण्यांच्या भानगडीत कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आता त्यांचीही ऑडिओमेट्री व्हायची आहे.